समोरच्या माडीवरचं आयोडीन

भुवनेश्वरीबाईंना चहात साखर किती घालू, असं विचारायची चूक आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत आता कुणी करत नाही. नवीन बिऱ्हाडकरू करतात आणि मग साखर पाण्यात विरघळते म्हणजे नेमकी जाते कुठे, ते चहा गार होईपर्यंत ऐकत बसतात. मी त्यांच्या अगदी समोर राहते. मधली गल्ली एवढी अरुंद, की बाईंनी माडीच्या खिडकीतून शेंगांची टरफलं टाकली तर ती आमच्या ओट्यावर पडतात. पडलेली आहेत. त्यावरून आमचं भांडणही झालेलं आहे, आणि ते कोण जिंकलं हे गल्लीत अजून दोन तऱ्हांनी सांगितलं जातं.

बाई कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतात. सकाळी कॉलेजच्या आधी माडीवर शिकवणी. आवाज असा खणखणीत, की टोकाच्या कारखान्यातले माग खटाखट चालू असले तरी आमच्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द पोचतो. मी कॉमर्सची, तीही कशीबशी सुटलेली. पण तांदूळ निवडता निवडता गेल्या कित्येक वर्षांत माझी अकरावी सायन्स बऱ्याच वेळा झालेली आहे.

एकदा असंच ऐकत होते. बाई विचारत होत्या, "अणूच्या मधोमध काय? केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. बाहेर इलेक्ट्रॉन. आता हे केंद्रक केवढं? समजा सिद्धेश्वराच्या देवळात एक शेंगदाणा ठेवला. तो केंद्रक धरला, तर त्याचे इलेक्ट्रॉन पार्क मैदानाच्या आसपास कुठंतरी फिरत असतील. मग मधे काय आहे?"

"तळं, मॅडम!"

"किल्ला, मॅडम!"

"अरे काही नाही! मधे काहीच नाही! रिकामं!"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी समोरच्या भिंतीकडे बघितलं. ही भिंत अणूंची, आणि अणू तर सगळा रिकामा. मला राहवेना. ओट्यावर येऊन मी भर शिकवणीत हाक मारली, "ओ बाई! एवढं रिकामं हाय तर माझा हात भिंतीतून पलीकडं का जात नाही?"

पोरं फिदीफिदी हसली. बाई खिडकीत आल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना साडी नेसवली. "पूनमताई, कारण तुमच्या हाताचे इलेक्ट्रॉन आणि भिंतीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जागा देत नाहीत. दोघेही ऋण. दूर लोटतात."

"म्हणजे मी भिंतीला कधी टेकलेच नाही म्हणा."

"खरं सांगायचं तर, नाही."

त्या दिवशी संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसले तर उगाच अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांची भिंत, आणि ती मला शिवलेलीच नाही.

बाईंचे यजमान मल्लप्पा लवकर गेले, मुलगी शिवानी शाळेत असतानाच. एकुलती एक पोर. बाईंनी तिला वाढवली, आपल्याच शिकवणीत मागच्या बाकावर बसवून शिकवली, बी.एस्सी. केली, आणि विजापूरला दिली. ती तिथं शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा बाईंनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मला दोन दिले, एक टरफलांचा म्हणून.

पेढे वाटले त्याच सुमाराला बाई वाळायला लागल्या. भूक तर दुप्पट, तरी ब्लाउज ढगळ होत चाललेले. हात कापायचे, खडू मोडायचा. गारठ्यात घाम. माडीचा जिना चढून आल्या की छाती अशी उडायची की पदर हललेला आम्हाला दिसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नको एवढं काम करायला लागलीय, आणि त्यापायी हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतायत. गोळ्या दिल्या, पण त्या अंगावर उलटल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर उतरल्या. गोळ्या बंद. मग पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला: किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल गिळायची.

बाई पुण्याहून परत आल्या आणि दोन दिवस गल्लीत कुणालाच काही शिकवलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. खमंग शेंगाचटणी घेऊन गेले.

बाईंनी चटणीकडे बघून हात जोडले. "पूनमताई, हीच नको."

"का? मी विष घातलंय?"

"मीठ घातलंय."

मग त्या बोलल्या. आणि बोलता बोलता, मला वाटतं, त्यांचं त्यांनाच पहिल्यांदा नीट कळत होतं.

"इतकी वर्षं मी पोरांना विचारत आले, समस्थानिके म्हणजे काय, व्याख्या लिहा, दोन मार्क. आणि आता ते समस्थानिकच मला गिळायचंय. बघा, आयोडीनच्या केंद्रकात त्रेपन्न प्रोटॉन असतात. त्रेपन्न आहेत म्हणूनच ते आयोडीन. एक कमी-जास्त झाला की ते आयोडीन उरत नाही, दुसरंच काहीतरी होतं. पण न्यूट्रॉन? मिठातल्या आयोडीनला चौऱ्याहत्तर. औषधातल्याला अठ्ठ्याहत्तर. चार जास्त. ते चार जड जातात, केंद्रकाला झेपत नाहीत, म्हणून ते फुटतं आणि फुटताना किरण सोडतं. त्या किरणांनी ग्रंथीतल्या जादा पेशी मरतात."

"पण तो किरणवाला बरोबर ग्रंथीतच कसा जातो? त्याला पत्ता कोण सांगतं?"

"तेच तर!" बाई एकदम पुढं सरसावल्या. "शरीराला न्यूट्रॉन दिसतच नाहीत. ग्रंथीला आयोडीन लागतं, ती रक्तातून आयोडीन उचलते. तेही कसं? आयोडीनचा अणू एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन बसलेला असतो. त्रेपन्न धन, चौपन्न ऋण. म्हणजे एका ऋण भाराचा आयन. ग्रंथीच्या दारात तेवढंच बघतात. आत किती न्यूट्रॉन आहेत, कुणी विचारत नाही."

माझ्या सासूबाई बजाबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या सांगोल्याकडच्या, माहेरी मेंढरं. त्या म्हणाल्या, "आमच्यात मेंढराच्या कानाला कातरा मारत्यात. ज्याची त्याची खूण. मेंढरू लठ्ठ असू दे न्हायतर रोडकं, कान बघायचा आन् आपल्या वाड्यात घ्यायचं. तसंच व्हय?"

बाई म्हणाल्या, "अगदी तसंच, आजी. प्रोटॉन म्हणजे कानाची खूण." आणि त्यांनी बजाबाईंचा हात धरला.

आता चटणीचं काय? तर ग्रंथी मिठातल्या साध्या आयोडीनने आधीच भरलेली असली, की औषधातल्याला आत जागाच मिळत नाही. म्हणून कॅप्सूलच्या आधी काही आठवडे आयोडीनवालं मीठ बंद, समुद्राचं काही नको, दूधही बेतानंच. हे पाळलं तर जानेवारीच्या सुरुवातीला कॅप्सूल. त्यानंतर तीन आठवडे गरोदर बाई आणि तान्ही मुलं यांच्यापासून लांब राहायचं. आणि शिवानी येणार होती फेब्रुवारीत, पहिल्या बाळंतपणाला.

"सगळं बसतंय," बाई म्हणाल्या. "कॅप्सूल वेळेवर झाली तर शिवू येईपर्यंत मी मोकळी. तिचं बाळंतपण मला माझ्या हातानं करायचंय, पूनमताई. तिकडे तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिला दुसरं कोण आहे? आणि मला तरी?"

एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आमची अख्खी गल्ली कामाला लागली.

पहिला प्रश्न: कोणत्या मिठात आयोडीन नाही? जाड्या मिठात नसतं, असं एक पक्ष म्हणाला. असतं, दुसरा. बाई म्हणाल्या, वाद कशाला, तपासू. मिठातलं आयोडीन सुटं करायला कॉलेजातून पोटॅशियम आयोडाइडची बाटली आणली, लिंबं चिरली, आणि टोकाच्या कारखान्यातून सुताला लावायची खळ मागवली, कारण खळ म्हणजे स्टार्च, आणि आयोडीन स्टार्चला भेटलं की निळंजांभळं होतं. झालं. रविवारी सकाळी बायका वाटीत आपापलं मीठ घेऊन बाईंच्या दारात रांगेनं उभ्या. खळ, लिंबू, बाटलीतले दोन थेंब. एकेक वाटी जांभळी होत गेली. जाडं मीठ, तेही जांभळं. कुणाचं फिकं निघालं तर ती बाई हिरमुसायची, म्हणजे माझ्या घरचं मीठ हलकं काय! माझ्या उपवासाच्या सैंधवाची वाटी तेवढी पांढरीच राहिली. मी ती हातात धरून गल्लीभर मिरवली.

खरं सांगायचं तर त्या जांभळ्या वाट्या मी पुन्हा पुन्हा उचलून बघत होते. वर्षानुवर्षं भातावर, आमटीत, चटणीत आम्ही हे टाकत आलो, चिमटीतल्या मिठात कुठंतरी कणभर आयोडीन, आणि ते गळ्यातली ती फुलपाखराएवढी ग्रंथी नेमकं शोधून उचलत आली. रोज. आम्हाला न विचारता.

बाईंनी पथ्य असं पाळलं की सैंधवाच्या आमटीपलीकडे जिभेला काही लावलं नाही. मग डिसेंबरात येळवस आली.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडची लिंगायत घरं, आणि बाकीचेही, शेतावर जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, पांडवांचे दगड पुजायचे, भज्जी-भाकरी-आंबील खायचं. बाईंचे दीर संगप्पा अक्कलकोटकडे शेती करतात. येळवसीला वैनी आली नाही असं कधी झालेलं नाही, आणि यंदा तर तिचं दुखणं, म्हणून यायलाच हवं. मला काय, मी तर न बोलावता गेले असते.

बाईंच्या जाऊबाई कमलम्मांनी कमाल केली होती. बाईंसाठी वेगळ्या पातेल्यात सैंधव घालून भज्जी. बाईंच्या वाट्याची भाकरी वेगळी. आंबील ताकाची म्हणून बाईंना फक्त बोटानं कपाळाला लावली. बाई तृप्त होऊन जेवल्या. मग आंबील शिंपडत, कानडीत आरोळ्या ठोकत सगळे अनवाणी शेताला फेरी घालायला निघाले, आणि बांधावर बाभळीचा हा एवढा काटा बाईंच्या तळव्यात आरपार. संगप्पांनी उपसून काढला तसा पाय चिरतच आला.

"वैनी, थांब की! लई रगात यायलंय!" संगप्पा बाईंना धरून कोपीत घेऊन आले.

कमलम्मांनी टमटममधली औषधांची पेटी धावत आणली. "अक्का, पाय इकडं दे. डोळे मीट." आणि जखम धुऊन तांबडं औषध भरभरून ओतलं. कापूस बुडवून आत भरला, वरून पट्टी. संध्याकाळी निघताना पट्टी सोडून परत एकदा, तेव्हाही बाईंचे डोळे मिटलेलेच. जावेवरची माया सगळी त्या बाटलीतून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून एक आवाज आला. ओरडणं नाही, रडणं नाही. मी धावत गेले. बाई पट्टी सोडून बसल्या होत्या. तळवा, टाच, बोटं, सगळं तांबूस तपकिरी.

"काय झालं? पिकलं का?"

"पूनमताई, हे पोव्हिडोन आयोडीन आहे."

मला कळायला क्षण लागला. आम्ही तोंडाच्या वाटेवर एवढा पहारा ठेवला. अख्ख्या गल्लीचं मीठ तपासलं. आणि ते पायातून आत गेलं.

मला हसू येऊ नये म्हणून मी ओठ चावला, आणि मग बघितलं तर बाईच हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "कमलम्माला सांगू नका हं. कधीच सांगू नका," म्हणाल्या.

पुण्याला तपासणी झाली तेव्हा तेच निघालं. ग्रंथी काही उचलेना. तिचं पोट भरलेलं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना थांबा. म्हणजे कॅप्सूल फेब्रुवारीच्या मध्यावर. म्हणजे शिवानी माहेरी, पोट पुढं, आणि आई तिच्याजवळ जायच्या लायकीची नाही.

बाई म्हणाल्या, मग बाळंतपण होऊ दे, कॅप्सूल नंतर घेते. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांचं काय? एवढे महिने हृदय तग धरणार नाही. शिवानी फोनवर म्हणाली, कॅप्सूल घे. बाई नाही म्हणाल्या. शिवानी म्हणाली, "आई, तू घे नाहीतर मी येतच नाही." दोघीही शिक्षिका. ऐकणारं कुणीच नाही. शेवटी मीच खिडकीखाली उभी राहून ओरडले, "अहो, पोरगी माझ्याकडं राहील! गल्लीच्या ह्या बाजूला! तुम्ही त्या बाजूला किरण सोडत बसा!"

असं ठरलं.

बाई पुण्याला जाऊन आल्या. सांगत होत्या, शिशाच्या जाड डब्यातून एक साधी कॅप्सूल काढली, लांब चिमट्यानं कपात टाकली, आणि देणारा माणूस दाराकडे सरकला. पाण्याबरोबर एक घोट. बस. चव नाही, वास नाही. भाड्याच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात बसून आल्या आणि थेट माडीवर गेल्या. त्याच दिवसापासून शिवानी आमच्या घरात.

मग सुरू झालं ते. मी गुढीच्या काठीला आकडा लावला आणि पत्रावळीत बांधलेलं जेवण गल्लीवरून त्यांच्या खिडकीत पोचवायला लागले. बाई काठी माघारी जाईपर्यंत खिडकीत यायच्या नाहीत. आतल्या भिंतीला टेकून बसायच्या.

"आई, खिडकीत ये की जरा," शिवानी ओट्यावरून म्हणायची.

"नको. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा पावपट होतो. मी मागेच बरी."

"अगं मधे गल्ली आहे!"

"गल्ली म्हणजे किती गं? टरफलं पोचतात."

मी आणि आमचे यजमान श्रीमंत संध्याकाळी ओट्यावर बसलो की माझी नजर त्या खिडकीकडे जायची. आत दिवा. भिंतीला टेकलेली एक बारीकशी बाई. आणि तिच्या गळ्यात काहीतरी फुटत चाललेलं, जे दिसत नाही, ऐकू येत नाही, पण भिंतीतून, खिडकीतून, हवेतून बाहेर येतं. भिंत तर रिकामीच, हे मला माहीत होतं. माणसाच्या अंगातून असं काही निघतं आणि ते माणूस मात्र समोर बसून बारावीचे पेपर तपासते.

एकदा बजाबाईंनी विचारलं, "गं भुवनेश्वरी, त्ये गळ्यातलं फुटलं की त्याचं काय हुतंय? राख?"

आतून उत्तर आलं. "राख नाही, आजी. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. त्रेपन्नचे चौपन्न. आणि चौपन्न म्हणजे आयोडीन नव्हेच. झेनॉन. वायू."

"म्हंजे मेंढराचं काय, कबूतर झालं?"

"तसंच समजा. ते रक्तातून फुफ्फुसात जातं आणि श्वासातून बाहेर."

मी विचारलं, "बाहेर म्हणजे? गल्लीत?"

"गल्लीतच की."

बजाबाईंनी पदर नाकाला लावला. बाई आतून हसल्या. "घाबरू नका. झेनॉन कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाशी इलेक्ट्रॉन देत नाही, घेत नाही. अगदी अबोल घराणं."

"मग तो आमच्या गल्लीत टिकायचा नाही," मी म्हटलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मुद्दाम एक लांब श्वास घेतला. औषध म्हणून गिळलेलं आयोडीन, बाईंच्या गळ्यात जाऊन, नाव-गाव टाकून, वायू होऊन निघालं. त्यातला एखादा अणू आता माझ्यात असेल. असेलही.

शिवानीला कळा लागल्या त्या पहाटे बाई तिच्या देखत पहिल्यांदा खिडकीशी आल्या. रिक्षा दारात. शिवानीनं वर बघितलं. बाईंनी हात जोडले, मग हात खाली केले, मग परत जोडले. हाताचं काय करायचं तेच त्यांना कळेना. रिक्षा निघाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझा फोन वाजत राहिला. "पाठ चोळा तिची. डाव्या बाजूला जास्त. जोरात नाही. चोळताय ना?"

मुलगी झाली. बाईंना सांगितलं तर पलीकडून बारीक आवाज आला, "रडली का?"

"तुमच्यावर गेलीय. अख्ख्या वॉर्डाला शिकवायलीय."

बाळ आमच्या घरी आलं. मी ते दुपट्यात गुंडाळून ओट्यावर उंच धरायची आणि बाई आतल्या भिंतीशी उभ्या राहून मान लांब करून बघायच्या. आठवडे सरले. पुण्याला परत तपासलं. ठोके जागेवर येत होते, आणि डॉक्टर म्हणाले, आता जवळ जायला काहीच हरकत नाही.

आम्ही गल्लीत पायघड्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. बाई गाडीतून उतरल्या आणि थेट आपल्या जिन्यावर.

"ओ बाई! इकडं!"

"अजून एक अर्धायुष्य जाऊ दे," त्या जिन्यातून म्हणाल्या. अर्धायुष्य म्हणजे आहे त्यातलं निम्मं आयोडीन फुटायला लागणारा वेळ. आठ दिवस.

आठ दिवस गेले. "अजून एक."

तेही गेले. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं होतं, कारण आजीशिवाय पाळणा नाही, असं शिवानीनं सांगून टाकलेलं. मी चिडून वर गेले. बाई म्हणाल्या, "पूनमताई, निम्मं उरतं. मग त्याचं निम्मं. मग त्याचं निम्मं. कितीही वेळा केलं तरी हिशेबात शून्य येतच नाही. माझ्या गळ्यात एखादा अणू उरला असेल, आणि तो नेमका ती माझ्या मांडीवर असताना फुटला तर?"

ज्या बाईनं आयुष्यभर अणूचं कौतुक सांगितलं, ती एका अणूला घाबरून भिंतीला चिकटून बसली होती. मी खाली आले आणि शिवानीला सांगितलं.

शिवानी उठली. बाळ खांद्यावर घेतलं. गल्ली ओलांडली आणि जिना चढली. मी मागोमाग. असला प्रसंग चुकवणारी मी नव्हे.

"शिवू! तिथंच थांब!" बाई भिंतीला आणखी टेकल्या.

शिवानी दारात थांबली. "मॅडम, एक शंका आहे."

बाई गोंधळल्या. सवयीनं म्हणाल्या, "विचार."

"पोटॅशियम चाळीस. तेही किरणोत्सारी समस्थानिक ना?"

"हो."

"केळ्यात असतं. बटाट्यात असतं. माणसाच्या अंगात?"

"असतं. सगळ्यांच्याच."

"माझ्या?"

"हो."

"पूनमकाकूंच्या?"

"हो."

मी चमकून स्वतःकडे बघितलं.

"आणि हिच्या?"

बाईंनी बाळाकडे बघितलं.

"माझ्या पोटात होती तेव्हापासून माझ्यातलं पोटॅशियम हिला मिळत होतं. एकेक इलेक्ट्रॉन सोडून आलेले धन आयन, हिच्या पेशी न् पेशीत. त्यातला चाळिसावा प्रकार आत्ता, ह्या क्षणी, हिच्या अंगात फुटतोय. पृथ्वी व्हायच्या आधीपासूनचे ते अणू आहेत, असं तूच शिकवलंस. मग मी काय करू? हिला खाली ठेवून लांब उभी राहू?"

"ते फार थोडं असतं गं."

"तुझ्या गळ्यात आता फार थोडं आहे. तू शून्याची वाट बघतेस, आई. शून्य तर हिच्यातसुद्धा नाही. कधी नव्हतंच."

मी त्या पोरीकडे बघत होते. मूठ तोंडात, डोळे मिटलेले, जावळ घामानं चिकटलेलं. आणि तिच्या आत, कुठंतरी मांडीत, गालात, पृथ्वी व्हायच्या आधीचे अणू एकेक करून फुटत होते. आमच्या सगळ्यांच्या आत. मागवाल्यांच्या, बजाबाईंच्या, विजापूरला अंथरुणावर पडलेल्या त्या दुसऱ्या आजीच्या. कुणालाच कधी काही ऐकू आलं नाही.

शिवानी पुढं गेली आणि बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवूनच दिलं, हात काढून घेतले. आता बाईंना धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यांनी धरलं. आधी अगदी टोकाटोकानं, मग छातीशी. आमच्या गल्लीत भुवनेश्वरीबाई आणि मी दोघीही एकाच वेळी गप्प, हे पहिल्यांदाच घडलं.

मग त्यांनी बाळाचं डोकं हळूच वळवून कानामागं बघितलं. माझ्याकडे मान वर केली.

"हिला न्हाऊ कोण घालतंय?"

"मी," मी म्हटलं. "का?"

"कानामागं पीठ राहिलंय. उद्यापासून मी घालणार. पाणी सातच्या आधी तापवा."